अकरा नंबरची वेल

ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरात मुलीच्या घरी राहायला आल्यापासून दर दिवाळीच्या फराळाला मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कुणीतरी चकली हातात धरून जवळ येतं आणि हळू आवाजात म्हणतं, "काकू, तुम्ही वाइनमध्ये होतात ना? मग सांगा, कुठली चांगली?" मी खरं ते सांगते, की मला माहीत नाही. लोकांना तो माझा नम्रपणा वाटतो. मी बावीस वर्षांत वाइन विकली नाही, विकण्यासाठी केली नाही, आणि तोंडात घेतली तीही बहुतेक वेळा पुन्हा थुंकून टाकण्यासाठी. माझं काम संशय घेण्याचं होतं. त्याचा पगार मिळायचा.

काम असं. न्यूझीलंडच्या दक्षिणेला, सेंट्रल ओटागोच्या डोंगरांमध्ये, थंडी कडक असते आणि उन्हाळा छोटा. तिथं द्राक्षं लावणं म्हणजे जुगार. पुण्यात कृषी महाविद्यालयात शिकताना मी ज्या बागा पाहिल्या, त्यांना वर्षातून दोन छाटण्या आणि उन्हाची चिंता. इथं चिंता एकच, फ्रॉस्ट. वसंतात, म्हणजे इकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वेलीचे डोळे फुटून कोवळी पानं बाहेर आलेली असतात, आणि एखाद्या पहाटे तापमान शून्याखाली घसरतं. उन्हं वर आली की कालपर्यंत हिरवे असलेले शेंडे उकडलेल्या पालकासारखे लोळागोळा झालेले दिसतात. त्या वर्षाचं पीक गेलं. आमच्याकडे दिवाळी नेमकी या दिवसांत येते, त्यामुळे कितीतरी वर्षं मी लक्ष्मीपूजनाला थर्मामीटरकडे डोळे लावून बसले आहे.

म्हणून रोपवाटिकावाले युरोपातल्या थंड भागांतून नवनवे वाण आणतात. प्रत्येकाचं माहितीपत्रक असतं आणि प्रत्येक माहितीपत्रकात तो वाण लवकर पिकतो, थंडी सोसतो आणि रोगाला दाद देत नाही. मुलगी दाखवतानाचं वर्णन असतं तसंच ते. वेल एकदा लावली की तीस वर्षं उभी राहते. तेव्हा शेतकऱ्यानं ती लावण्याआधी कुणीतरी चौकशी करायला हवी. ती मी करायचे, एका संशोधन संस्थेच्या वतीनं.

चौकशी करायची तर कुणावरच विश्वास ठेवून चालत नाही. ऑकलंडहून निवृत्त होऊन आलेले एक दंतवैद्य मला दरवर्षी कळवायचे की त्यांच्या जमिनीवर फ्रॉस्ट पडतच नाही. तारीखवार नोंदी पाठवायचे, सुंदर अक्षरात. मी जाऊन पाहिलं. थर्मामीटर स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ठोकलेलं होतं. आपल्या देशात दक्षिणेची भिंत तापते, इथं उत्तरेची. आणि आतल्या बाजूला त्याच भिंतीला लागून त्यांची लाकडाची शेगडी. मी ते थर्मामीटर उचलून खाली वेलींपाशी बांधलं, तर आठवड्याभरात तीनदा शून्याखाली गेलं. ते माझ्यावर इतके रागावले, जणू थंडी मीच सोबत आणली होती.

माझी मुलगी लहानपणी म्हणायची, "मॉम, यू आर लाइक अ कॉप." मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींना सगळं समजायचं. नवरा हॅमिल्टनला नोकरीत, मुलगी त्याच्याजवळ, आणि मी महिन्यातले वीस दिवस खाली दक्षिणेत, भाड्याच्या घरात. पण हा लेख त्याबद्दल नाही. तो अकरा नंबरबद्दल आहे.

आमची चाचणीची बाग मरे नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर होती. आईला पहिल्यांदा फोनवर नाव सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, असं अशुभ नाव कोण ठेवतं?" मरे तेव्हा सत्तरीला टेकलेला होता. त्यानं जन्मभर जर्दाळू पिकवले होते. बायको वारली, गुडघे गेले, तेव्हा त्यानं चार एकर आम्हाला दिले आणि छाटणीचं काम स्वतःकडे ठेवलं, कारण त्याच्यासारखा छाटणी करणारा त्या खोऱ्यात दुसरा नव्हता. मोजकं बोलायचा. मी गेले की चहा आणि दोन बिस्किटं. माझ्या वयाच्या दीडपट माणसाला नावानं हाक मारायला मला पहिलं वर्षभर जड गेलं.

बागेत अठरा वाण. नावं आम्ही झाकून टाकली होती, फक्त नंबर. नाव कळलं की माणसाची नजर बदलते म्हणून. आणि प्रत्येक नंबर बागेत चार वेगवेगळ्या जागी लावलेला, म्हणजे एखादी जागा उबदार असली तर तिचं श्रेय वाणाला मिळू नये. यादी माझ्याकडे होती. तिच्यानुसार अकरा नंबर हा हंगेरीकडचा पांढरा वाण होता, चौदा नंबर स्वित्झर्लंडकडचा, तोही पांढरा. हे नंतर लागणार आहे म्हणून आत्ताच सांगते.

तिसऱ्या वर्षी वसंतात जोरदार फ्रॉस्ट पडला. सकाळी मी वही घेऊन गेले. एक नंबर काळा, दोन नंबर काळा, तीन अर्धा काळा. अशी मोजत अकराजवळ आले, तर एकही डोळा मेलेला नाही. चारही जागी तेच. जवळ जाऊन पाहिलं. तिथं मरण्यासारखं काही बाहेरच आलं नव्हतं. बाकीच्यांची बोटभर फूट झालेली आणि अकराचे डोळे अजून नुसते फुगलेले, बंद.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला झाला नाही. माहितीपत्रक म्हणत होतं की हा हंगेरियन वाण लवकर फुटतो. मग इथं तो सगळ्यांच्या मागे का? वेल उशिरा फुटायला लावायची एक जुनी युक्ती आहे. तिची छाटणी उशिरा करायची. इतरांची जुलैत केली आणि हिची सप्टेंबरात, तर ही दहा-बारा दिवस मागे राहते आणि फ्रॉस्टमधून सुटते. आणि छाटणी करत होता मरे.

त्यात मला आणखी एक गोष्ट माहीत होती. अकरा नंबर ज्या रोपवाटिकेतून आला, तिथला विक्रीचा माणूस नील हा मरेचा मेहुणा, त्याच्या वारलेल्या बायकोचा भाऊ. त्या हिवाळ्यात नीलची यूट, म्हणजे मागे उघडी असते ती गाडी, मी दोनदा मरेच्या फाटकात पाहिली होती.

मी सरळ विचारलं. चहाचा कप हातात होता. "मरे, अकरा नंबरची छाटणी कधी केलीस?"

"सगळ्यांबरोबर. एकाच आठवड्यात."

"नक्की?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू आत्ता काय विचारलंस?"

"नुसतं विचारते आहे. नोंदीसाठी."

"राइटो," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला. माझा कप अजून अर्धा भरलेला होता.

मला वाटलं, खरा माणूस चिडला असता, भांडला असता. हा गप्प बसला म्हणजे काहीतरी आहे. आता लिहिताना याची लाज वाटते, पण तेव्हा असंच वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात मी एक गोष्ट केली, जी मी ऑफिसातही सांगितली नाही. ससे आणि वेलींचे शेंडे खाणारे पॉसम नावाचे प्राणी फोटोत टिपायला आम्ही झाडाला बांधायचे कॅमेरे वापरायचो. त्यातला एक मी अकराच्या ओळीकडे तोंड करून खांबाला बांधला, जुन्या जाळीच्या आड. तीन महिने तो फोटो काढत राहिला. ऑगस्टच्या शेवटी मी कार्ड काढायला गेले तेव्हा कॅमेरा जागेवर नव्हता. मरेच्या ओट्यावर, बुटांच्या शेजारी, नीट पुसून ठेवला होता.

"हा तुझा ना?" तो म्हणाला.

"हो."

"वाऱ्यानं जाळी उडाली, तेव्हा दिसला. मी बंद नाही केला. नुसता आणून ठेवला."

मी काहीतरी सशांबद्दल बोलायला लागले. त्यानं मध्येच थांबवलं.

"अंजली, तू मला विचारू शकली असतीस."

"मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस," तो म्हणाला. "उत्तर ऐकलं नाहीस."

मी गाडीत बसून कार्ड लॅपटॉपला लावलं. फोटोत ससे होते. मरेचा कुत्रा होता. आणि जुलैच्या एकाच आठवड्यात, कात्री हातात घेऊन ओळीमागून ओळ छाटत जाणारा मरे होता. दहा, अकरा, बारा, एकामागून एक. नीलही होता, दोन फोटोंत. त्यात तो मेहुण्याच्या घराभोवतीचं गवत कापत होता, कारण मरेचे गुडघे त्याला ते करू देत नव्हते.

मी माफी मागितली. तो "नो वरीज" म्हणाला. पण त्यानंतर चहा बंद झाला. मी यायचे, वेली मोजायचे, जायचे. तो लांबून हात वर करायचा.

त्या वसंतात पुन्हा फ्रॉस्ट पडला आणि अकरा पुन्हा वाचली. माझ्याकडे आता शंका उरली नव्हती. खरं म्हणजे एक उरली होती. माहितीपत्रकात मण्यांना पिकताना गुलाबी छटा येते असं लिहिलेलं होतं. आमच्या अकराच्या मण्यांत पाणी उतरलं, साखर भरली, पण गुलाबी काही दिसलं नाही. मी वहीत लिहिलं, "रंग फिका, बहुधा थंडीमुळे." एका निरपराध माणसावर कॅमेरा लावून बसलेल्या बाईनं हे एका ओळीत निकालात काढलं.

आम्ही प्रत्येक नंबरची काचेच्या मोठ्या बरण्यांतून थोडी थोडी वाइन करायचो आणि पाच-सहा जण, बाटलीवर फक्त नंबर ठेवून, चाखायचो. अकरा तिथंही वर आली.

याच सुमारास विनय आणि शर्वरी माझ्या आयुष्यात आले. पुण्याचेच. विनय हॅमिल्टनला एका डेअरी कंपनीत इंजिनिअर, शर्वरी इथं विद्यार्थिनी म्हणून आलेली आणि नंतर प्रयोगशाळेत लागलेली. आपल्याकडे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुधाचं दुकान, त्यामुळे विनयच्या सासूबाईंनी दोन वर्षं सगळ्या नात्यात सांगितलं होतं की जावई दुकानात आहे. दोघांनी हॅमिल्टनचं घर विकून दक्षिणेत जमीन घेतली. माझी ओळख नवऱ्याच्या मित्रांकडून निघाली. मला भेटायला आले ते पुरणपोळ्या घेऊन.

"ताई, तुम्ही सांगाल ते लावू," शर्वरी म्हणाली.

माझा नियम होता की अहवाल छापून येईपर्यंत कुणालाही नाव सांगायचं नाही. पूर्ण अहवालाला अजून दोन वर्षं होती. त्यांना थांबायला वेळ नव्हता. आणि ते आपले होते. परमुलखात आपलं माणूस आपल्या स्वयंपाकघरात बसून "ताई" म्हणतं, तेव्हा नियम कपाटात जाऊन बसतो. मी त्यांना हंगेरियन वाणाचं नाव लिहून दिलं. त्यांनी नीलच्या रोपवाटिकेतून रोपं मागवली आणि अडीच एकर लावली.

त्यांच्या बागेच्या दुसऱ्या वसंतात, एका सकाळी साडेनऊला विनयचा फोन आला.

"ताई, गेली."

"काय गेलं?"

"सगळी. खालून वरपर्यंत. काळी पडली."

माझ्या बागेत त्याच सकाळी अकरा नंबर शाबूत होती. म्हणजे डोळे बंद, सुरक्षित. तेव्हा मी काय केलं? मी विनयला विचारलं, छाटणी कधी केलीस. त्यानं सांगितलं. मी म्हटलं, आठव नीट. पाणी किती दिलं होतं. गवत वाढू दिलं होतंस का. तापमान कुठं मोजतोस, भिंतीवर तर नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तेच प्रश्न शर्वरीला वेगळं गाठून विचारले, दोघांची उत्तरं जुळतात का पाहायला. जुळली.

मग वेलीकडे पाहिलं. मेलेले शेंडे चांगले वीतभर होते. ही वेल लवकर फुटली होती, अगदी माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे. माझ्या बागेतली त्याच नावाची वेल बारा दिवस उशिरा फुटत होती. एकाच नावाच्या दोन वेली अशा वागत नाहीत. दोघींपैकी एक ती नव्हती.

मी त्यांच्या वेलीच्या आणि आमच्या अठराही नंबरांच्या काड्या जनुकांच्या तपासणीला पाठवल्या. उत्तर तीन आठवड्यांत आलं. विनय-शर्वरीकडचा वाण खरा हंगेरियन. माझ्या बागेतला अकरा नंबर म्हणजे स्वित्झर्लंडचा वाण. आणि चौदा नंबर, जो मी दर वसंतात काळा पडलेला बघून बाद केला होता, तो हंगेरियन.

म्हणजे सहा वर्षं मी एकीचे गुण दुसरीच्या नावावर लिहीत होते.

दोन्ही वाण नीलच्याच रोपवाटिकेतून आले होते, आणि तिनं खोकी बदलून पाठवली, यात मला तसूभर शंका वाटली नाही. मी नीलला ऑफिसच्या कागदावर पत्र लिहिलं. कडक होतं. तुमच्या चुकीमुळे एका कुटुंबाचं नुकसान झालं आहे, असं त्यात स्पष्ट शब्दांत होतं. नीलचा फोन आला. आवाज शांत होता. "आम्ही पुन्हा तपासलं. आमच्याकडची यादी बरोबर दिसते आहे. पण तू म्हणतेस तर आणखी शोधतो."

मला पुरावा हवा होता. रोपं बागेत उतरवली त्या दिवशी मरे हजर होता, आणि मरे गेली चाळीस वर्षं रोज चार ओळींची डायरी लिहीत होता. पाऊस, थंडी, कोण आलं. म्हणून कॅमेऱ्यानंतर पहिल्यांदाच मी त्याच्या दारावर थाप मारली.

त्यानं काही न विचारता आत घेतलं. कपाटातून लाल कव्हरची वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली. एका पानावर थांबला. मनात वाचलं. मग वही माझ्यापुढे सरकवून चहाचं पाणी ठेवायला उठला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

पेन्सिलनं लिहिलं होतं: वेली आल्या. दक्षिणेचा वारा, फार थंड. दोन खोकी यूटवरून पडली, लेबलं सुटली. अंजलीनं परत लावली. सगळं ठीक म्हणाली.

मला आठवलं. वारा असा होता की बोटं वाकत नव्हती. गाडीवाला घाई करत होता. दोन खोकी गवतात उलटली होती, रोपं सारखीच दिसत होती, दोन्हींच्या कलमांवर लाल मेण. लेबलं बाजूला पडली होती. हे जवळ पडलंय म्हणजे याचंच, असं धरून मी ती खोचली. मिनिटभराचं काम. नोंदवहीत लिहिलं असतं, की अकरा आणि चौदाची लेबलं सुटली होती, पुन्हा तपासावी, तर पुढचं काही झालं नसतं. मी लिहिलं नाही. लिहायला लाज वाटली असं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं, असं वाटलंच नाही.

मरेनं चहा पुढे ठेवला. दोन बिस्किटंही.

"ही माझी खाजगी वही आहे," तो म्हणाला. "कुणी मागितली नाही तर मी कुणाला दाखवणार नाही. नीललासुद्धा नाही. पुढचं तू बघ."

तो हे टोमणा म्हणून म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

मी परत आले आणि बरेच दिवस काहीच केलं नाही. ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुरवठ्याच्या टप्प्यावर अदलाबदल, असं लिहू. खोटं नाही ते. खोकी पुरवठा होतानाच पडली ना?" वाक्य फार सोयीचं होतं. मी तसा मसुदा करूनही पाहिला. वाचला की त्यात नीलच दिसायचा. शेवटी मी चार ओळींचा साधा खुलासा लिहिला, स्वतःच्या नावानं, आणि नीलला फोन करून पत्र मागे घेतलं. तो म्हणाला, "थँक्स. माझी दोन माणसं गेले दोन आठवडे झोपली नाहीत." तेवढंच म्हणाला.

राहिले विनय आणि शर्वरी. मी फोन न करता गेले. शर्वरीनं चहा केला. मी सगळं सांगितलं, खोकी, लेबलं, वही. विनय ऐकता ऐकता उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला. खिडकीतून तो दिसत होता, काळ्या पडलेल्या ओळींच्या तोंडाशी, खिशात हात घालून उभा.

शर्वरीनं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस."

मी कप खाली ठेवला.

"आम्ही दोघं रोज रात्री तेच बोलत होतो, ताई. छाटणी लवकर केली का, पाणी कमी पडलं का. विनय म्हणायचा तुझं चुकलं, मी म्हणायचे तुझं. तुम्ही आम्हाला वेगवेगळं गाठून विचारलं होतंत."

"हो."

"मला तेव्हाच कळलं होतं, तुम्ही ताडून बघताय ते." तिनं माझा कप उचलला. "वाईट त्याचं नाही वाटलं. वाटलं, ताईंचं तर चुकणार नाही, म्हणजे आमचंच चुकलं असेल."

दारापर्यंत ती सोडायला आली. विनय आला नाही.

वेली मेल्या नव्हत्या, फक्त त्यांचं पीक गेलं होतं. मुळं शाबूत होती. अशा वेलीचं खोड कापून त्यावर दुसऱ्या वाणाचं कलम बांधता येतं, दोन वर्षं वाया जातात पण बाग वाचते. हे मी सुचवलं नाही. सुचवायचं तोंड नव्हतं. हे मरेनं केलं. त्याला त्यांचा पत्ता कुठून मिळाला ते त्यानं सांगितलं नाही, नीलकडूनच असेल. तो आपण होऊन तिकडे गेला, वेली पाहिल्या, आणि म्हणाला की हिवाळ्यात स्विस वाणाच्या काड्या काढून ठेवू, जर्दाळूंच्या जुन्या कोल्डस्टोअरमध्ये राहतील, वसंतात मी येऊन बांधून देतो. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाला, स्टूल आणा. नीलनं वाणाच्या हक्काची परवानगी काढून दिली.

काड्या मी कापल्या. अकरा नंबरवरच्या. प्रत्येक जुडी बांधताना तारीख, ओळ, वेलीचा क्रमांक लिहिला, दोनदा वाचला. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. नोव्हेंबरच्या शेवटी, फ्रॉस्टचे दिवस सरल्यावर, मी आणि मरे त्या जुड्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. विनयनं स्टूल मांडून ठेवलं होतं. तो माझ्याशी बोलला, हवेबद्दल. शर्वरीनं जुड्या उतरवून सावलीत ठेवल्या, लेबलं वाचली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नको बांधायला."

"का?"

"मागच्या आठवड्यात मी मरेकडून यातल्या तीन काड्या घेऊन गेले होते. लॅबला पाठवल्यात. रिपोर्ट गुरुवारी येईल." मग तिनं वर पाहिलं. "राग मानू नका, ताई."

"नाही गं," मी म्हटलं. "बरोबर केलंस."

मनापासून म्हटलं होतं. तरीही गाडीकडे चालताना मी हातातलीच किल्ली पर्समध्ये शोधत राहिले. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या थर्मामीटरवर, नोंदींवर, शब्दावर शंका घेतली, आणि माझ्या हातच्या जुडीवर कुणी घेतली तर ते असं लागतं, हे मला माहीत नव्हतं. मरे शेजारी बसला होता. त्यानं रेडिओ लावला आणि क्रिकेटचा स्कोअर ऐकत राहिला.

गुरुवारी मी घरातून बाहेर पडले नाही. भांडी घासली, कपाटं आवरली, ओटा दोनदा पुसला. काड्या बरोबर होत्या हे मला माहीत होतं. तसं तर लेबलांचंही माहीत होतं.

संध्याकाळी साडेपाचला शर्वरीचा मेसेज आला. रिपोर्टचा फोटो नव्हता, खुलासा नव्हता. एकच अक्षर होतं: "या."

मी मरेला फोन केला आणि सांगितलं की सकाळी आठला घ्यायला येते.